पराटीतली अळी आणि अक्रोडातलं जनुक

काजू, अक्रोड, बदामाच्या झाडातच कीड मारणारं जनुक घातलं की फवारणी सुटेल, असं सांगितलं जातं. अक्रोडावर असे प्रयोग कॅलिफोर्नियात नव्वदच्या दशकातच झाले. उलट, अशाच बीटी जनुकानं कापूस बुडवला, आता झाडांना तरी हात लावू नका, असं म्हणणारेही आहेत. कंधारच्या काळ्या रानात कापूस लावणाऱ्या मला दोघांचंही म्हणणं पटत नाही.

२००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा. बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीला खरंच घटल्या. ते नाकारणं खोटेपणा होईल. पण २०१७ मध्ये बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. असं का झालं? हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते. तिथं बीटीचं विष न चाखलेले पतंग वाढतात, त्यांच्याशी संकर होऊन अळीची बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती पातळ होत राहते. गुलाबी अळीला कापसाशिवाय जवळपास दुसरं घरच नाही. तिचेही असे विष न चाखलेले पतंग वाढावेत म्हणून बीटीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं वेगळं यायचं. ते कशासाठी, हे दुकानात कुणी समजावलं नाही आणि आम्हीही पेरलं नाही. वर फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढं राखलं, पराटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जळणाला घराशेजारी रचली; अळी तिच्यातच पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपून राहिली.

कापसाचं वाण पुढच्या मृगाला बदलता येतं. काजूचं झाड तीस-तीस वर्षं उभं असतं. तेवढ्यात किडीच्या कितीतरी पिढ्या त्याच एका विषाशी झुंजतात. शिवाय कोकणात काजूची पालवी आणि मोहोर जाळतो तो ढेकण्या. तो सोंडेनं रस शोषतो. कापसातलं बीटी पतंगाच्या अळ्यांसाठी आहे, ढेकण्याचं ते काहीच बिघडवत नाही. तिथं निराळंच जनुक शोधावं लागेल.

तरीही जनुक टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. हीच गुलाबी अळी अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून २०१८ मध्ये हद्दपार केल्याचं जाहीर केलं. बीटी तिथंही होतंच. पण जोडीला वंध्य पतंग सोडले, कामगंध सापळे लावले, पीक निघताच पराट्या मोडून गाडल्या, आणि हे एकट्यादुकट्यानं नव्हे, सगळ्या शिवारांनी मिळून केलं.

झाडांत जनुक आणायचं तर एकावर विसंबू नये, निरनिराळ्या रीतीनं मारणारी दोन असावीत. कलमं सरकारी संशोधन केंद्रांतूनही मिळावीत. आणि साधी, बिनजनुकाची कलमं रोपवाटिकेनंच मोजून, त्याच गाडीत मिसळून द्यावीत. वेगळी पिशवी नको.