बॅटरी उतरते, दोष कोणाचा?

पावसाळ्याच्या तोंडीं गवत कापण्याचें यंत्र बाहेर काढावें, किल्ली फिरवावी आणि नुसता ‘टक्’ असा आवाज व्हावा, हा अनुभव मोठ्या हिरवळी राखणाऱ्या अनेकांस आला असेल. मुंबईंतील ओव्हल किंवा १८८३ सालापासूनचें महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान पाहिलें म्हणजे हिरवळ हेंही एक पीकच होय, हें पटतें. आणि एवढ्या क्षेत्रावर बसून चालवावयाच्या यंत्राचा मोठाच आधार असतो.

परळ भागांतील एका क्रीडांगणावर अशा यंत्राची बॅटरी दोन वर्षांत तिसऱ्यांदा बदलावयाची वेळ आलेली आम्हीं पाहिली. दुकानदाराचा माल वाईट, असें माळी म्हणे. माळ्याची निगा वाईट, असें व्यवस्थापक म्हणत. आमचें मत असें कीं, दोष पुष्कळदां बॅटरीचा नसून तपासल्यावांचून खरेदी करण्याच्या आपल्या संवयीचा असतो.

तपासणी कठीण नाहीं. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवून मोजल्यास सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं ती जवळजवळ रिकामी समजावी. नंतर एंजिन वेगानें चालवून पुन्हां मोजावें. १३.५ ते १४.५ व्होल्ट न दिसल्यास यंत्राची वीज बॅटरीपर्यंत पोहोंचतच नाहीं; तेथें नवी बॅटरी काय करणार ? आंकडा ठीक असूनही बॅटरी रातोरात उतरत असेल, तर ती भरून तिची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. सकाळीं ती टिकली तर गळती यंत्रांत आहे. तरीही उतरली तरच बॅटरी सदोष.

वरील क्रीडांगणावर सांगाड्यास जोडलेली तार समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेनें गंजलेली निघाली. ती घांसून घट्ट बसविण्यास पाव तास पुरला. तेवढ्यासाठीं दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले होते !

दुसरा शत्रु म्हणजे आळस. पावसाळा सरल्यावर यंत्र महिनेच्या महिने छपराखालीं पडून राहतें. उष्ण हवेंत बॅटरी आपोआप अधिक लवकर उतरते, आणि उतरलेल्या स्थितींत राहिल्यास शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटाचा कठीण थर बसून ती कायमची निकामी होते. यास्तव तार सोडून ठेवावी, महिन्यांतून एकदां मोकळ्या हवेंत बॅटरी भरावी, आणि पाणी घालावयाच्या जातीची असल्यास केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें.

आमच्या शेतकरी बंधूंच्या ट्रॅक्टरची कथा याहून निराळी नाहीं. साधा मीटर नव्या बॅटरीपेक्षां पुष्कळ स्वस्त मिळतो. प्रत्येक सोसायटीनें तो एक घेऊन ठेवावा. आणि बॅटरी खरोखरच मेली, तर ती उकिरड्यावर न टाकतां विक्रेत्यास परत द्यावी. तींतील शिसें जमिनीस विष आहे. आधीं मोजावें, मगच पैसे मोजावे, हेंच शहाणपणाचें.