येणार की नाही, तेवढं सांगा



रोश हशाना जवळ आला की इस्राएलात कामाच्या ठिकाणी 'हरामत कोसित' असते. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या, पेला उंचवायचा, थोडं खायचं. त्याआधी कुणीतरी यादी घेऊन फिरतं, कोण कोण येणार म्हणून. आम्ही नर्सिंगमध्ये होतो तेव्हा ती यादी बरेचदा आमच्याच गळ्यात पडायची. आता तुमच्यापैकी कुणाच्या लेकीसुनेच्या हाती आली असेल, म्हणून हे चार शब्द.

हिब्रूत 'आपण' आणि 'तू' असा भेद नाही. बाईमाणसाला सरळ "आत बाआ?" म्हणजे "येतेस का?" विचारतात. भारतातून नवीन आलेल्याला ते फटकन लागतं, पण त्यात उद्धटपणा नसतो. उलट आपलं "बघते हं, जमलं तर येईन" ऐकायला गोड, पण यादीवाल्याला त्यातून काय कळणार? हो लिहू की नाही?

वॉर्डात हा प्रश्न नुसत्या खाण्याचा नसतो. सगळ्या जणी खाली गेल्या तर पेशंटची बेल वाजल्यावर धावणार कोण? आकडा आधी कळला तर दोन पाळ्या करता येतात. निम्म्या आधी जातील, निम्म्या नंतर. ज्यांना यायचं नाही त्या वर थांबतील. म्हणून स्पष्ट 'नाही' हीसुद्धा मदतच.

मग विचारायचं कसं? वार, तारीख, वेळ, जागा लिहा. उत्तर कोणत्या दिवसापर्यंत हवं आणि कशासाठी, तेही लिहा. आपल्याबरोबर मुसलमान, ख्रिस्ती सोबतीही काम करतात. कुणाला काय चालत नाही, ते विचारा. असाच समारंभ रमजानमध्ये आला तर दुपारचं जेवण ठेवू नका. रात्रपाळी करून आलेलीला सकाळी फोन करून उठवू नका, चिठ्ठी ठेवा. उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण द्या, आणि तीही चारचौघांत नको.

चिठ्ठी अशी: "मंगळवारी दुपारी १ वाजता स्टाफरूममध्ये जमायचं आहे. ड्यूटी लावायची आहे, म्हणून रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवाल ना? नाही जमलं तरी चालेल, तुमचा वाटा बाजूला ठेवू."

आणि तो वाटा खरोखरच ठेवा हं!

मुलांनो, एक गंमत. हिब्रू निमंत्रणात "ना लेआशेर हगाआ" लिहितात, म्हणजे "कृपया येण्याचं कळवा". त्यातला 'ना' म्हणजे 'कृपया'. आणि आपली आजी "येशील ना?" विचारते, तो 'ना'ही आर्जवाचाच. आजीने विचारलं की "बघू" म्हणू नका. हो तर हो, नाही तर नाही. ती त्या हिशेबाने तांदूळ भिजवते.

बरं, भेटू पुढच्या अंकात.