निजायच्या खोलीची नोंद

मी निजतो ती खोली दोन खणांची आहे. भिंती दगडमातीच्या, दोन हात जाड. खाली पूर्वी शेणानं सारवलेली जमीन होती, आता शहाबादी फरशी आहे. भिंतीत दोन देवळ्या. एकीत चिमणी असायची. चुन्याचे कितीही हात मारले तरी तिची काजळी अजून वर येते. आता तिथे मोबाइल चार्ज होतो, दुसरीत औषधं असतात. खुंटीला सदरे, आडव्या वलणीवर वाकळा, कोपऱ्यात आजीची पत्र्याची ट्रंक, भिंतीकडेला बाज. बाजेशेजारी लग्नात आलेलं लोखंडी कपाट आणि उन्हाळा सरला की अडगळीत जाणारा कूलर. आमच्या तेर गावाच्या जुन्या भागात अशा खोल्या अजून आहेत, पण झपाट्यानं कमी होताहेत. त्या जाताना त्यांची कुणी साधी नोंदही करत नाही, हे मला फार लागतं.

नोंद कशाला करायची, असं ज्याला वाटेल त्यानं गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जावं. तिथे हस्तिदंताची एक बारीक कोरीव स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती इटलीत पाँपेईच्या उत्खननात 1938 साली सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच हिंदुस्थानातून तिकडे गेलेली होती. अशा मूर्ती कशासाठी घडवल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी ती आरशाची मूठ मानतं, कुणी एखाद्या छोट्या आसनाचा किंवा चौरंगाचा पाय. काहीही असलं तरी वस्तू घरातली आहे. जगभरातले अभ्यासक ज्या तगर नगराचं, म्हणजे जुन्या तेरचं, नाव घेतात, त्याची ओळख अशा घरगुती सामानावर उभी आहे: हस्तिदंताची मूर्ती, मातीचा दिवा, मणी, बाहुल्या.

आणि हे सामान जपलं कुणी? गावातल्या जुन्या वस्तीच्या टेकड्यांवर पाऊस पडून गेला की माती धुऊन जायची आणि मणी, नाणी, खापरं उघडी पडायची. लोक ती पोरांना खेळायला देत. रामलिंगप्पांनी ती गोळा केली, वर्षानुवर्षं सांभाळली. आजचं सरकारी संग्रहालय त्यांच्या त्या ध्यासातून उभं राहिलं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तिथे आहे.

आता माझ्या खोलीचं छत पाहा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर पाला आणि त्यावर मातीचा थर. ही माती रानातली काळी नव्हे. काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. माळवदाला पांढरी लागते आणि ती मिळते जुन्या वस्तीच्या टेकाडात. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांनी आपली घरं अशीच उभी केली. त्या खणण्यात प्राचीन थरांची नासाडी झाली हे खरंच. पण खणता खणताच पुष्कळ वस्तूही उजेडात आल्या. म्हणजे ज्या तगरची भांडी काचेच्या कपाटात आहेत, त्याचीच माती आमच्या डोक्यावर आहे.

तीच माती आमच्या जिल्ह्याच्या जिवावर उठली, हेही सांगितलं पाहिजे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं अंथरुणातच गेली. दरसाल मृगाआधी मातीचा नवा थर टाकून माळवदं जड झालेली, भिंतींचे दगड नुसत्या चिखलात बसवलेले. भिंती सुटल्या आणि सगळा भार निजलेल्यांवर आला. त्यानंतर आमच्याकडची माणसं कितीतरी दिवस अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. ज्यानं त्या रात्री आपलं माणूस गमावलं, त्याला माळवदाचं कौतुक सांगू नये. आमच्याही छतावरची निम्मी माती वडिलांनी तेव्हा उतरवली. भूकंपानंतर तज्ज्ञांनीही हेच सांगितलं होतं: वरचं ओझं कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या. ज्यांना हे जमलं त्यांची घरं टिकली, इतरांनी स्लॅब टाकला. स्लॅब टाकणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही.

पण स्लॅबबरोबर आतलं सगळंच जातं. नव्या सुनेबरोबर दिवाण आणि फोमची गादी येते आणि बाज आधी गोठ्यात, मग चुलीत जाते. पत्र्याची ट्रंक भंगारात. कोरीव दार असेल तर बाहेरचा व्यापारी उचलतो आणि ते शहरातल्या हॉटेलात जाऊन उभं राहतं. वाकळेला तर कुणी गिऱ्हाईकच नाही.

माझी वाकळ मी नीट पाहिली आहे. मधोमध आजीचं हिरवं इरकली लुगडं आहे, काठ अजून लाल आहे. कडेनं आजोबांच्या धोतराच्या पट्ट्या, एका कोपऱ्यात शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. टाके कडेपासून सुरू होऊन चौकोनी फिरत मध्याकडे गेलेत. एका ठिकाणी पांढरा दोरा संपून काळा सुरू झालाय. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, तगरहून जाडंभरडं आणि तलम कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, असं लिहिलेलं आहे. त्या कापडाची एक चिंधीही आपल्याला पाहायला मिळत नाही. कापड मातीत टिकत नाही. म्हणूनच वाकळेची काळजी हस्तिदंतापेक्षा जास्त घ्यायला हवी.

संत गोरा कुंभारांचं, म्हणजे आमच्या गोरोबाकाकांचं, घर गाव भक्तीनं जपतं. साध्या कुणब्याच्या निजायच्या खोलीला असा भक्तीचा आधार नाही, तिला नोंदीचाच आधार. संग्रहालयानं आपल्या आवारात माळवदाची एक खोली बांधावी, छत हलकं आणि सांधे पक्के ठेवून. तिच्यात बाज, वाकळ, वलणी, ट्रंक, देवळीतली चिमणी ठेवावी, प्रत्येकीखाली इथे बोललं जाणारं नाव लिहावं आणि ती कुणाच्या घरातून आली तेही. याला फार पैसा लागत नाही, ठरवणारं माणूस लागतं. आणि तेरकरांनो, घर पाडायला काढाल त्याच्या आदल्या दिवशी मोबाइलनं त्या खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढा, घरातल्या म्हातारीला शेजारी बसवून वस्तूंची नावं वहीत उतरवा, आणि बाज फोडण्याआधी संग्रहालयात एक निरोप द्या.