भागीदाराचा खर्च कोणत्या वहीत?

फाल्गुन सरत आला की रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत हापूसच्या पेट्यांची घाई सुरू होते. तेथे पुठ्ठ्याच्या पेट्या तयार करणारी दोन भावांची एक भागीदारी पेढी कल्पावी. धाकटा बंधू कारखाना सांभाळतो. थोरला बागायतदारांकडे आणि कागदासाठी कोल्हापूरकडे स्वतःच्या गाडीने फिरतो. डिझेल, टोल, फोन यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने बँकेकडून स्वतःच्या नावावर १० लाख रुपयांचे कर्ज काढले आणि ते पेढीत भांडवल म्हणून घातले. मार्चअखेर मुनीमजी बिले मागतात, तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले असते : पेढी आपलीच, पैसाही आपलाच, मग बिले कशाला?

हे उत्तर व्यापारी घराण्यांत नवे नाही. त्यात घरोब्याचा गोडवा आहे. पण करकायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते आणि पुढे कधी वाटणीची वेळ आली, तर ती नात्यांतही मोजावी लागते.

मुळात भागीदाराला पेढीतून तीन प्रकारे पैसा मिळतो. पहिला नफ्यातील हिस्सा. त्यावर पेढीने आधीच कर भरलेला असल्यामुळे तो कलम १०(२ए) अन्वये भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. दुसरा कार्यरत भागीदाराचा मेहनताना आणि तिसरे भांडवलावरील व्याज. हे दोन्ही पेढीच्या नफ्यातून वजा होतात आणि भागीदाराच्या हातात करपात्र ठरतात. नोंद मात्र ‘पगार’ म्हणून नव्हे, तर ‘धंदा व व्यवसाय’ या सदराखाली होते. म्हणून नोकरदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट भागीदाराला मिळत नाही. उलट, हे उत्पन्न मिळविण्यासाठी पूर्णतः आणि केवळ त्याच कारणासाठी केलेला खर्च त्यातून वजा करता येतो. पगारदाराला ही सवलत नाही, भागीदाराला आहे, आणि नेमकी तीच अनेक घरांत वापरली जात नाही. सोपे म्हणून पगारदाराचे विवरणपत्र भरले जाते. वास्तविक भागीदाराने आयटीआर-३ भरावयाचे असते आणि खर्चाचे रकाने त्यातच असतात.

हा हक्क आजकालचा नाही. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने रमणिकलाल कोठारी प्रकरणात असा निर्णय दिला की, ज्याचा स्वतंत्र धंदा नाही, जो केवळ पेढ्यांमध्ये भागीदार आहे, त्याचे उत्पन्नही धंद्याचेच उत्पन्न होय आणि ते मिळविण्यासाठी त्याने स्वतः केलेला खर्च त्यातून वजा व्हावयास हवा. त्या काळी नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हाती करपात्र होता. १९९३-९४ या आकारणी वर्षापासून तो करमुक्त झाला आणि त्यामुळे एक मर्यादा आली : जे उत्पन्नच करमुक्त, त्याच्यासाठीचा खर्च कलम १४ए अन्वये वजा होत नाही. अहमदाबाद येथील आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने २०१२ साली हे कलम भागीदाराच्या नफ्याच्या हिश्शालाही लागू केले. सारांश, खर्च मेहनताना किंवा व्याज यांच्याशी जोडलेला दाखविता आला पाहिजे.

थोरल्या बंधूंचे कर्ज याच कसोटीवर पाहावे. बँकेचे व्याज ११ टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख १० हजार. पेढी त्याच भांडवलावर १२ टक्के देते, म्हणजे १ लाख २० हजार. कायद्याने मान्य असलेला हा कमाल दर आहे. खरी कमाई १० हजारांची. बँकेच्या व्याजाची वजावट न मागता विवरणपत्र भरले, तर कर पूर्ण १ लाख २० हजारांवर बसतो. इतर उत्पन्न धरून त्यांचे करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या आसपास असेल, तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी या एका विस्मरणाची किंमत उपकरासह १७,१६० रुपये होते. नव्या प्रणालीत ८०सीसारख्या वजावटी गेल्या, म्हणून धंद्याचा खर्चही गेला असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. आता याच कुटुंबाच्या भागीदारी पत्रात भांडवलावर व्याजाची तरतूदच नसती, तर त्या १० लाखांतून फक्त करमुक्त नफा मिळाला असता आणि बँकेच्या व्याजाची वजावट वादात सापडली असती.

डिझेलचा प्रश्न निराळा आहे. ते पेढीच्या कामासाठी जाळले गेले, तर पहिला हक्क पेढीच्या वहीचा. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ च्या कलम १३ नुसार धंद्याच्या नेहमीच्या कामात भागीदाराने पदरचे पैसे घातले, तर पेढीने त्याची भरपाई करावयाची असते. करही बहुधा तेथेच अधिक वाचतो, कारण पेढीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. वर्षाचे ६० हजारांचे डिझेल पेढीत नोंदले, तर १८,७२० रुपये वाचतात. थोरल्या बंधूंच्या विवरणपत्रात घेतले, तर ९,३६०. ज्या भागीदाराचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कर शून्यच आहे, त्याला स्वतःकडे खर्च दाखवून काहीच लाभ नाही. मेहनताना कमाल मर्यादेला टेकलेला असेल, तर हिशेब थोडा बदलतो, कारण खर्चाने पुस्तकी नफा घटला की मेहनतान्याची मर्यादाही घटते. ही मर्यादा २०२४-२५ पासून अशी आहे : पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के, यांपैकी जे अधिक ते, उरलेल्यावर ६० टक्के. व्याज वजा जाता १६ लाख नफा असेल, तर दोघांना मिळून ११ लाख ४० हजारांपर्यंत मेहनताना मान्य होतो.

एकच खर्च दोन्ही ठिकाणी दाखविता येत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. तसेच त्याच गाडीने घरची मंडळी यात्रेला गेली असतील, तर तेवढे किलोमीटर वगळलेच पाहिजेत. गाडीत ठेवलेली एक साधी वही, तारीख, ठिकाण, काम आणि मीटरचा आकडा, एवढे पुरते. हंगामात एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च अमान्य होतो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे.

घरातील लग्नाचा मंडप ‘जाहिरात’ म्हणून आणि पर्युषणातील बोलीची रक्कम ‘किरकोळ खर्च’ म्हणून नोंदविण्याची वाट काही पेढ्या धरतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या शेजारीच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. श्रावकाला त्याचा अर्थ वेगळा समजाविण्याचे कारण नाही. दानासाठी तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. व्यक्तीने नवी करप्रणाली स्वीकारली की ८०जीची वजावट जाते, परंतु भागीदारी पेढीला ती प्रणाली लागूच नाही. तेव्हा ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला पेढीच्या खात्यातून दिलेले दान आजही वजावटीस पात्र आहे. दोन हजारांवरील दान रोखीने नसावे आणि पावतीवर त्या मान्यतेचा उल्लेख असावा. निव्वळ धार्मिक विश्वस्त निधीला बहुधा ती मान्यता नसते, म्हणून विचारून घ्यावे. तेथे दिलेली बोली ही घरची उचल होय आणि ती उचल खात्यातच शोभते.

आई किंवा पत्नी नावापुरती भागीदार असेल, तर तिला नफ्याचा हिस्सा आणि भांडवलावरील व्याज देता येते. मेहनताना मात्र कार्यरत भागीदारालाच. ती हिशेब पाहत असेल, वसुलीचे फोन करीत असेल, तर ती कार्यरतच आहे. मग भागीदारी पत्रात तसे लिहावे. पुष्कळ घरांत स्त्रिया हे काम वर्षानुवर्षे करतात आणि कागदावर निष्क्रिय राहतात.

आणखी एक नवा नियम ध्यानात ठेवावा. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला मेहनताना, व्याज, बोनस किंवा कमिशन वर्षात २० हजारांवर गेले की पेढीने कलम १९४टी अन्वये १० टक्के करकपात करावयाची आहे. रक्कम हातात न देता भांडवल खात्यात जमा केली, तरी कपात चुकत नाही. ज्याचा कर शून्य येतो, त्या भागीदाराला कापलेला पैसा परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागेल. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतील. २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरावयाचे आहे.

या साऱ्याची किल्ली भागीदारी पत्रात आहे. पुष्कळ पेढ्यांचे पत्र वडिलांच्या काळचे, पिवळे पडलेले असते आणि त्यात ‘मेहनताना परस्पर संमतीने ठरेल’ एवढेच वाक्य असते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २५ मार्च १९९६ च्या परिपत्रक क्रमांक ७३९ नुसार ते पुरेसे नाही. रक्कम किंवा ती काढण्याची रीत पत्रात स्पष्ट हवी. व्याजाचा दर, कोण कार्यरत, आणि भागीदाराने पदरून केलेला प्रवासखर्च पेढी किती दिवसांत व कोणत्या पुराव्यावर भरून देईल, हेही त्यातच यावे. असे कलम असते, तर थोरल्या बंधूंना धाकट्याकडे बिले धरण्याचा संकोच वाटला नसता आणि धाकट्यालाही दादांचा खर्च किती, हा प्रश्न मनात ठेवावा लागला नसता. पुरवणी पत्र मुद्रांकावर करून दोघांनी सही केली की काम होते. मात्र त्याच्या तारखेआधीच्या काळाचा मेहनताना किंवा व्याज पेढीच्या नफ्यातून वजा होत नाही, त्यामुळे नव्या वर्षासाठी ते १ एप्रिलपूर्वीच करून ठेवावे लागते.