बस्तरचे युद्ध आणि रायपूरची सत्ता

अप्रिय युद्ध सत्ताधाऱ्यांना मतपेटीत महागात पडते, हा लोकशाही राजकारणातील सर्वमान्य सिद्धान्त समजला जातो. इराकच्या युद्धाला विटलेल्या अमेरिकी मतदारांनी नोव्हेंबर २००६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या हातून संसदेची दोन्ही सभागृहे काढून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या गच्छंतीची घोषणा झाली. हाच सिद्धान्त छत्तीसगडला लावून पाहिला, तर मात्र तो पावलोपावली अडखळतो. जून २००५ पासून बस्तरमध्ये जे घडले, त्याला सरकारी परिभाषेत कधी जनआंदोलन, तर कधी सुरक्षा मोहीम म्हटले गेले. पण ओस पडलेली गावे, छावण्यांत कोंबलेली माणसे आणि दोन्ही बाजूंचे सशस्त्र तरुण ही सारी युद्धाचीच लक्षणे होत. असे असूनही भारतीय जनता पक्षाने या काळात रायपूरची सत्ता लागोपाठ दोनदा राखली. याचे उत्तर जनमताच्या लाटेत नव्हे, तर जागांच्या साध्या अंकगणितात आणि विरोधी पक्षाच्या वर्तनात सापडते.

सलवा जुडूमचा प्रारंभ तत्कालीन दंतेवाडा जिल्ह्याच्या बिजापूर भागात झाला. नक्षलवाद्यांच्या जाचाविषयी गावोगावी खदखदणारा रोष खोटा नव्हता. परंतु त्या रोषाच्या हाती शासनाने बंदूक दिली, आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमले आणि गावकऱ्यांना रस्त्याकडेच्या छावण्यांत आणून वसवले. छावण्यांतील लोकसंख्या सुमारे ५० हजारांवर गेली. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात निघून गेली. नक्षलवाद्यांनीही सूड घेण्यात कसर ठेवली नाही. जुलै २००६ मध्ये एर्राबोरच्या छावणीवर हल्ला झाला; मार्च २००७ मध्ये राणीबोदली येथे ५५ पोलीस व विशेष पोलीस अधिकारी मारले गेले. या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २००८ ची विधानसभा निवडणूक आली, तेव्हा बस्तर सत्ताधाऱ्यांना धडा शिकवील, अशी अटकळ बांधणारे कमी नव्हते.

निकाल नेमका उलटा लागला. बस्तर विभागातील १२ पैकी ११ जागा भाजपने जिंकल्या. २००३ मध्ये त्या ९ होत्या. राज्यातील उर्वरित ७८ जागांपैकी पक्षाला बरोबर निम्म्या, म्हणजे ३९ मिळाल्या होत्या. ९० च्या सभागृहात बहुमताला ४६ जागा लागतात. तात्पर्य, मैदानी छत्तीसगडने डॉ. रमणसिंह यांना सत्तेच्या उंबरठ्यापर्यंतच आणले होते. आत नेले ते युद्धाने होरपळणाऱ्या बस्तरने. दंतेवाड्यात पराभव झाला तो सलवा जुडूमचे नेतृत्व करणारे महेंद्र कर्मा यांचा. कर्मा हे काँग्रेसचे, विधानसभेतील विरोधी पक्षनेते. ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. दुसरे आले ते जुडूमचे कडवे विरोधक, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे मनीष कुंजाम. काँग्रेसला बस्तरमध्ये लाभलेली एकमेव जागा कोंट्याची होती आणि तेथील कवासी लखमा हे पक्षातील जुडूमविरोधी गटाचे होते.

या निकालाचा अर्थ बस्तरने युद्धाला कौल दिला, असा लावणे घाईचे ठरेल. मतदाराला युद्ध नाकारायचे असेल, तर ते नाकारणारा समर्थ पर्याय समोर हवा. येथे सरकारची मोहीम विरोधी पक्षनेताच पुढे नेत होता. दिल्लीत काँग्रेसप्रणीत सरकार होते, डॉ. मनमोहनसिंग यांनी २००६ मध्ये नक्षलवादाला अंतर्गत सुरक्षेपुढील सर्वांत मोठे आव्हान म्हटले होते. केंद्रीय दले दिल्लीहून येत होती आणि विशेष पोलीस अधिकाऱ्यांच्या मानधनाचा मोठा वाटाही केंद्रच उचलत होते. युद्धाचे पितृत्व असे दोन पक्षांत वाटले गेले, की शिक्षा कोणाला करावी हेच मतदाराला ठरवता येत नाही. रमणसिंह सरकारच्या स्वस्त तांदळाचा लाभ मात्र थेट घरात पोचत होता आणि त्याचे श्रेय कोणाचे, याविषयी संदेह नव्हता.

मैदानाची भरपाई

पुढील पाच वर्षांत युद्ध अधिक रक्तरंजित झाले. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे ७६ जवान ठार झाले. ५ जुलै २०११ रोजी न्या. सुदर्शन रेड्डी व न्या. निज्जर यांच्या खंडपीठाने आदिवासी तरुणांना अपुऱ्या प्रशिक्षणानिशी विशेष पोलीस अधिकारी नेमून नक्षलवाद्यांविरुद्ध लढवणे घटनाबाह्य ठरवले. राज्याने त्याच वर्षी नवा कायदा करून त्यांना सहायक सशस्त्र दलात सामावून घेतले. जून २०१२ मध्ये सारकेगुडा येथे १७ गावकरी मारले गेले. ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, हा न्यायालयीन आयोगाचा निष्कर्ष विधानसभेपुढे यायला डिसेंबर २०१९ उजाडले. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत नक्षलवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला केला. त्यात महेंद्र कर्मा व प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल मारले गेले. जखमी विद्याचरण शुक्ल यांचे पुढील महिन्यात निधन झाले.

त्यानंतर सहा महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत बस्तरने आपला हिशेब मांडला. काँग्रेसला ८ आणि भाजपला ४ जागा मिळाल्या; दंतेवाड्यातून कर्मा यांच्या पत्नी देवती कर्मा विजयी झाल्या. पण रायपूरमध्ये काहीच बदलले नाही. बस्तरमध्ये भाजपच्या ७ जागा घटल्या, तर उर्वरित छत्तीसगडमध्ये ६ वाढल्या. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या १० पैकी ९ जागा पक्षाने जिंकल्या. त्या पट्ट्यात काँग्रेसची मते फुटली होती. एकूण संख्या ५० वरून ४९ वर आली, इतकेच. राज्याच्या इतिहासातील सर्वांत भीषण राजकीय हत्याकांडाची सरकारला मोजावी लागलेली निव्वळ किंमत एक जागा होती.

२०१८ मध्ये सत्तांतर झाले आणि बस्तरमध्ये भाजपला अवघी एक जागा राहिली. परंतु त्या वेळी उर्वरित ७८ जागांतही पक्ष १४ वर आला होता. हे काम धानाला क्विंटलमागे २,५०० रुपये आणि कर्जमाफी या आश्वासनांनी केले. बस्तरच्या बाराही जागा भाजपला मिळाल्या असत्या, तरी सत्ता गेलीच असती. म्हणजे २००८ चा अपवाद वगळता सरकार कोणाचे, हे बस्तरने ठरवलेले नाही. आणि २००८ मध्ये ठरवले, ते सत्ताधाऱ्यांच्या बाजूने.

इंद्रावतीच्या अलीकडे

हा केवळ छत्तीसगडचा दोष नव्हे. इंद्रावतीच्या अलीकडच्या तीरावर गडचिरोली आहे. तेथे लाहेरी येथे ८ ऑक्टोबर २००९ रोजी १७ पोलीस मारले गेले. पाच दिवसांनी महाराष्ट्रात मतदान झाले आणि सत्तारूढ आघाडी पुन्हा सत्तेवर आली. २८८ जागांच्या विधानसभेत गडचिरोली जिल्ह्याच्या जागा तीन आहेत. अमेरिकेत इराकहून येणारी शवपेटी कोणत्याही राज्यात, कोणत्याही गावात पोचत असे. युद्धाची झळ आणि मताचा अधिकार एकाच माणसाच्या ठायी होता. भारताच्या मध्यभागी चाललेल्या युद्धात झळ एका कोपऱ्याला आणि बहुमत दुसरीकडे, अशी विभागणी आहे. जवानांच्या शवपेट्याही बहुतेकदा उत्तर प्रदेश, बिहार वा राजस्थानकडे रवाना होतात. रायपूरला त्या विमानतळावरील मानवंदनेपुरत्या दिसतात.

शिवाय त्या कोपऱ्यातील सर्वांची मतेही मतपेटीत उतरत नाहीत. नक्षलवाद्यांचा बहिष्कार, सुरक्षेच्या कारणास्तव दूर हलवलेली केंद्रे आणि परागंदा झालेली कुटुंबे यांमुळे बिजापूर मतदारसंघात २०१८ व २०२३ मध्येही मतदान निम्म्याच्या आत राहिले. राज्याची सरासरी ७५ टक्क्यांच्या वर होती. ज्यांनी युद्ध सर्वाधिक सोसले, त्यांचेच मत सर्वांत कमी मोजले गेले.

सत्ता मिळाल्यावर काँग्रेसही याच सोयीत विसावली. मे २०२१ मध्ये सिलगेर येथे सुरक्षा तळाला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. बुरकापाल हल्ल्यात आरोपी केलेल्या १२१ आदिवासींची निर्दोष सुटका व्हायला जुलै २०२२ उजाडले. तुरुंगातील आदिवासींच्या प्रकरणांचा फेरविचार करण्याचे आश्वासन याच पक्षाने २०१८ मध्ये दिले होते. २०२३ मध्ये भाजपने बस्तरच्या ८ जागा परत मिळवल्या. मात्र युद्धाची सर्वाधिक झळ लागलेल्या कोंटा व बिजापूर या जागा काँग्रेसनेच राखल्या. निवडणूक पुन्हा धानाच्या दरावर आणि महिलांना दरमहा १,००० रुपये देणाऱ्या महतारी वंदन योजनेच्या आश्वासनावर लढली गेली.

त्यानंतरचा लष्करी ताळेबंद सरकारच्या बाजूने आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मे २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचे सरचिटणीस बसवराजू नारायणपूरच्या जंगलात मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत व जगदलपुरात मोठी शरणागती झाली. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. याच २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी सुदर्शन रेड्डी यांना उमेदवारी दिली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी त्यांच्या २०११ च्या निकालावरच बोट ठेवले. युद्धाच्या यशाचे श्रेय मागण्यास सत्ताधारी सज्ज आहेत, हे यातून दिसते.

श्रेय मागणाऱ्याला हिशेबही विचारला पाहिजे. खम्ममच्या बाजूला गेलेली कुटुंबे परतली का, त्यांच्या जमिनी कोणाच्या नावे आहेत, वनहक्काचे पट्टे मिळाले का, आयोगांच्या अहवालांवर कोणती कारवाई झाली, हे प्रश्न बस्तरच्या १२ आमदारांपुरते सोडून दिले, तर त्यांना उत्तर मिळणार नाही. तेवढे संख्याबळ त्यांच्याकडे नाही. उत्तर मिळायचे तर प्रश्न रायपूर, दुर्ग, बिलासपूरच्या मतदाराने विचारला पाहिजे. गेल्या वीस वर्षांत त्याने धानाचा भाव चोख विचारला आणि तो प्रत्येक वेळी वाढवून मिळवला. बस्तरमध्ये त्याच्या नावाने काय केले गेले, हे मात्र त्याने अद्याप एकदाही विचारलेले नाही.