कोरियन शिकायचे, पण कोणाकडून?

गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या गोव्यातल्या घरांतून एक नवीच चौकशी ऐकू येऊ लागली आहे. पूर्वी लोक गणिताचा मास्तर शोधत, पेटीचा मास्तर शोधत, फार तर फ्रेंच शिकवणारी बाई शोधत. आता ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस हळूच विचारतो, "कोरियन शिकवणारे कोणी ओळखीचे आहे का हो? मुलगी जीव खाते."

मुली जीव का खातात हे सांगायला नकोच. बीटीएसची गाणी आणि कोरियन मालिका मोबाईलवर आहेत. 'पॅरासाईट'ला 2020 साली ऑस्कर मिळाले, 2021 मध्ये 'स्क्विड गेम' आले. माझ्यासारख्या पुस्तकवाल्या माणसाचे लक्ष जरा उशिरा, म्हणजे हान कांग यांना 2024 चे साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा तिकडे गेले. शिवाय पोटापाण्याचा प्रश्न आहेच. ह्युंदाई, सॅमसंग, एलजी या कंपन्यांना दोन्ही भाषा जाणणारी माणसे लागतात, आणि एलजीचा कारखाना रांजणगावला म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. केंद्राच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांची नावे दिली आहेत, त्यांत कोरियन आणि पोर्तुगीज एकाच ओळीत आहेत. चारशे वर्षे इथे राहिलेली भाषा आणि काल आलेली भाषा, दोघी एका बाकावर!

मुलांनी कोरियन शिकावी की नाही यावर मला काही म्हणायचे नाही. खुशाल शिकावी. मला बोलायचे आहे ते शिकवणाऱ्याविषयी. शिकवणी लावताना आपण तासाचा दर विचारतो, शिक्षक कोरियन आहे का ते विचारतो, सर्टिफिकेट मिळेल का ते विचारतो. तो कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

मी भाषातज्ज्ञ नव्हे. सरकारी कचेरीत फायली हलवणारा कारकून. बी.ए.ला मराठी होते, जोडीला थोडे संस्कृत. पण माझ्या भाचीसाठी शिकवणी शोधायचे काम बहिणीने माझ्यावर टाकले आणि त्या निमित्ताने मीही मागे बसून अक्षरे गिरवली. पणजीत पोर्तुगीज शिकता येते, फ्रेंच शिकता येते. कोरियनसाठी मला चौकशीत मिळाल्या त्या सगळ्या ऑनलाईन शिकवण्या. पहिली लावली ती दूरच्या शहरातल्या एका शिक्षकाची. माणूस सज्जन होता, उच्चार गोड होते. पण सारे शिकवणे इंग्रजीतून आणि सारे लिहिणे रोमन अक्षरांत. वाक्य सांगताना तो म्हणायचा, "लक्षात ठेवा, इथे सगळे उलटे असते." दोन महिन्यांनी भाची म्हणाली, "मामा, माका भास जमना." चांगली हुशार मुलगी, घरात कोंकणी बोलते, मराठी वाचते, हिंदी सिनेमा बघते, इंग्रजीतून कॉलेज शिकते. चार भाषा वावरणारी मुलगी म्हणते, मला भाषा जमत नाही! मला ते फार लागले.

आता ते 'उलटे' म्हणजे काय ते पाहा. 'मी घरात भात खातो' हे कोरियनमध्ये साधारण असे होते : 'नानुन चिबेसॉ पाबुल मॉगॉयो'. पहिला मी, मग घरात, मग भात, शेवटी खातो. 'चिप' म्हणजे घर, त्याला मागून लागलेले 'एसॉ' म्हणजे आपला 'त'. 'पाप' म्हणजे भात (गोवेकराला हे पाप रोज घडते), त्यालाही मागून कर्माचा प्रत्यय. शब्द त्याच जागी, विभक्ती मागून, क्रियापद शेवटी. उलटे आहे ते इंग्रजीला. आम्हांला ते सुलटेच आहे. पण आधी मराठी वाक्य मनात इंग्रजी करायचे आणि मग ते इंग्रजी उलटे करून कोरियन करायचे, असा द्राविडी प्राणायाम आम्ही मुलांकडून करवून घेतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे. तिच्या यादीत कोरियन सर्वांत अवघड गटात, अरबी, चिनी, जपानी यांच्यासोबत आहे. सुमारे 2200 तास शिकवावी लागते म्हणे. हा आकडा वाचून आमची मुले घाबरतात. पण त्याच यादीत हिंदीला सुमारे 1100 तास दिले आहेत. आमची पोरे हिंदी सिनेमा बघत जी भाषा उचलतात तिला 1100 तास! याचा अर्थ सरळ आहे. ती यादी भाषेची अवघडता मोजत नाही, इंग्रजीपासूनचे अंतर मोजते. ते अंतर आम्ही आमचे म्हणून का चालायचे?

संधीचे उदाहरण तर मला स्वतःला चकित करून गेले. कोरियनमध्ये 'कुक' म्हणजे रस्सा आणि 'मुल' म्हणजे पाणी. दोन्ही जोडले की लिहितात 'कुकमुल', पण बोलतात 'कुङमुल'. रोमनमधून शिकणाऱ्याला हा एक अपवाद म्हणून पाठ करावा लागतो, मग दुसरा, मग तिसरा. पण वाक् + मय = वाङ्मय हे आपण शाळेत शिकलोच ना? तोच नियम. 'सिप' म्हणजे दहा, 'मान' म्हणजे दहा हजार, दोन्ही मिळून उच्चार 'सिम्मान', म्हणजे आपला लाख. जगत् + नाथ = जगन्नाथ आठवा. मी भाचीला एवढेच सांगितले आणि वहीतले अर्धे पान अपवाद एका ओळीत बसले.

शब्दांचेही तसेच. आपल्याकडे संस्कृतातून आलेले शब्द असतात तसे त्यांच्याकडे चिनीतून आलेले पुष्कळ आहेत. 'हाक' म्हणजे विद्या. 'हाक्क्यो' विद्यालय, 'हाकसेंग' विद्यार्थी. 'ते' म्हणजे महा, म्हणून 'तेहाक' हे महाविद्यालय. असे शिकवले तर शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते एकमेकांचा हात धरून येतात.

लिपीचेही सांगायला हवे. राजा सेजोंगने 1443 मध्ये ही लिपी रचली आणि 1446 मध्ये ती जाहीर केली. चिनी अक्षरे सामान्य माणसाला झेपत नाहीत म्हणून. मूळ अक्षरे आज 24 आहेत, 14 व्यंजने आणि 10 स्वर. व्यंजनांच्या मूळ आकृत्या जीभ, ओठ, दात, घसा यांवरून घेतल्या आहेत. कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य असे वर्ग लहानपणी म्हटलेल्या मुलाला यात परके ते काय? स्वर-व्यंजन एका चौकटीत बसवणे हेही बाराखडी गिरवलेल्या हाताला नवीन नाही. म्हणून जो शिक्षक दोन आठवड्यांनंतरही रोमन अक्षरांत लिहून देतो, त्याला माझ्या मते नमस्कार करावा.

आता कोणी म्हणेल, एवढे सगळे मराठीत सापडते तर शिक्षक हवाच कशाला? हवा, आणि चांगला हवा. आपली भाषा दारापर्यंत नेते, आतल्या खोल्या वेगळ्या आहेत. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द कोरियनमध्ये फक्त पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुखवट्याचा 'थ' आपल्याला येतो, मुलीचा घट्ट 'त' थोड्या प्रयत्नाने येतो. चंद्राचे व्यंजन मात्र ना धड 'त' ना धड 'द'. तुम्ही चंद्र म्हणायला गेलात आणि मुलगी म्हणालात, हे समोरच्याने थांबवून सांगावे लागते. मोबाईलमधला व्हिडिओ तुमचे ऐकत नाही. वाक्यात कर्त्याला लागणारे दोन वेगळे प्रत्यय आहेत, त्यांतला फरक मराठीत नेमका नाही, आपल्या 'मी तर' मधल्या 'तर'ची थोडी मदत होते, तेवढेच. आदरार्थाला आपण क्रियापदाचे रूप बदलतो, ते कधी कधी क्रियापदच बदलतात. मूल झोपते त्याला एक शब्द, आजी झोपते त्याला दुसरा. हे सावकाश, चुका करू देत शिकवणारा माणूस लागतो.

तो जन्माने कोरियन असलाच पाहिजे असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षी तर नाहीच. भाचीला पुढे एक हिंदीभाषक मुलगी शिकवायला मिळाली. तिचे उच्चार पहिल्या शिक्षकाइतके गोड नव्हते, पण ती स्वतः ही भाषा शिकलेली होती, कुठे ठेच लागते ते तिला माहीत होते. जन्मभाषकाला आपली भाषा येते, पण ती कशी येते हे बहुधा सांगता येत नाही. तुम्हांला कोणी विचारले की 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबा खातो' यांत क्रियापद कशावरून ठरते, तर पटकन सांगाल? वर्ष-दीड वर्षाने मात्र जन्मभाषकाशी बोलायलाच हवे.

शिकवणी कशासाठी, हेही आधी ठरवावे. टोपिक नावाची परीक्षा आहे, तिच्या सहा पातळ्या. पहिल्या दोन पातळ्यांच्या परीक्षेत फक्त ऐकणे आणि वाचणे असते. म्हणजे तोंड न उघडता सर्टिफिकेट मिळू शकते. परीक्षेच्या शिकवणीचे वेड काय असते ते कोरियालाच विचारावे. तिथल्या लष्करी राजवटीने 1980 मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती, ती 2000 साली त्यांच्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. शिकवण्या मात्र मधल्या काळातही थांबल्या नाहीत.

आपल्या भाषेच्या दारातून परकी भाषा शिकायची ही रीत गोव्याला काही नवी नाही. फादर स्टीफन्स 1579 साली इथे आला. ज्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, त्यानेच इथल्या भाषेचे व्याकरण लिहिले, आणि लिहिले ते पोर्तुगीजमध्ये. 1640 मध्ये रायतूरला ते छापले गेले. शिकणारे पाद्री पोर्तुगीज जाणणारे होते, म्हणून दार त्यांच्या भाषेचे. आमची मुले शिकताना दार आमचे नको का?

उद्या त्या धोरणाप्रमाणे शाळांतून कोरियन खरोखरच आली आणि ती फक्त इंग्रजीतून आली, तर सत्तरी-डिचोलीच्या मराठी शाळेत शिकलेले मूल पुन्हा मागच्या बाकावर बसेल. आणि खरे तर याच भाषेच्या बाबतीत त्याला पुढे बसायचा हक्क आहे. म्हणून शिकवणी शोधणाऱ्या पालकांना माझे सांगणे इतकेच : पैसे देण्याआधी एक तास नमुन्याचा मागा. शिक्षकाला मराठी येत नसेल तर हिंदी चालेल. "आमच्या भाषेशी जोडून सांगाल का?" असे स्पष्ट विचारा. जो या प्रश्नाला हसेल त्याच्याकडे जाऊ नका. आणि घरात कोणी जुना व्याकरणाचा माणूस असेल तर त्यालाही तासाला शेजारी बसवा. भाचीला आता बिनमालिकेचेही थोडे समजते. मला अजून आकडे चुकतात, कारण त्यांचे तास एका अंकमालेत आणि मिनिटे दुसरीत. पण ती कथा पुन्हा केव्हातरी.