दहा जणांचा संघ

आमच्या डॉर्ममध्ये हॉकीवरून नेहमी एकच वाद होतो. बाद फेरीत जिंकायला काय लागते? निम्मे जण म्हणतात, चांगला ड्रॅग फ्लिकर. उरलेले म्हणतात, चांगला गोलकीपर. दोघांकडेही पुरावे आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक 10 गोल हरमनप्रीत सिंगचे होते आणि श्रीजेश गोलमध्ये भिंतीसारखा उभा होता. तरीही माझे मत वेगळे आहे. एक खेळाडू कमी असतानाही ज्याची फळी मोडत नाही, तोच संघ बाद फेरीत टिकतो, असे मला वाटते.

साखळी सामन्यातली चूक पुढे भरून काढता येते. टोकियोत भारत ऑस्ट्रेलियाकडून 1-7 असा हरला, तरी 41 वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक घेऊन परतला. बाद फेरीत अशी सवलत नसते.

4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये भारत आणि ग्रेट ब्रिटन यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. रविवार असल्यामुळे आम्ही सगळे टीव्ही रूममध्ये होतो. 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. निर्णय भारताला मान्य नव्हता, पण सामना तर पुढे खेळायचाच होता. उरलेली सुमारे 43 मिनिटे आपण दहा जणांनी खेळलो. 22 व्या मिनिटाला गोलही आपणच आधी केला. पुढे बरोबरी झाली, पण पुढचे खेळाडूसुद्धा मागे येऊन टॅकल करत राहिले. शेवटी शूटआउटमध्ये आपण 4-2 असे जिंकलो.

पण कार्डाची किंमत तिथेच संपली नाही. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी सर्वांत आधी चेंडूवर धावून जाणारा रोहिदास बंदीमुळे उपांत्य सामन्यात नव्हता. जर्मनीकडून आपण 2-3 असे हरलो. त्या एकाच कारणाने हरलो असे मी म्हणणार नाही, पण त्याची जागा रिकामी होती हे खरे आहे.

हे सगळे मला तोंडपाठ होते. तरीही या टर्मला इंटर-हाऊस सेमीफायनलमध्ये मी काय केले ते लिहितो. शेवटचा क्वार्टर चालू होता, स्कोअर 1-1. एकाची स्टिक माझ्या घोट्यावर लागली आणि शिट्टी वाजली नाही. मी अंपायरशी हुज्जत घातली. हिरवे कार्ड, दोन मिनिटे बाहेर. त्या दोन मिनिटांतच त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. आमच्या टीममध्ये पहिला धावणारा मी. माझ्या जागी नववीचा एक कॅडेट धावला. त्याने हे काम आधी कधीच केले नव्हते. चेंडू त्याच्या बाजूने गेला आणि आम्ही 1-2 ने हरलो.

सामन्यानंतर तोच माझ्याकडे येऊन म्हणाला, "सॉरी सर." मला उत्तर सुचले नाही. उस्ताद जवळच उभे होते. ते एवढेच म्हणाले, "कार्ड तुझं होतं, धावला तो."

रविवारी बाबांना फोनवर सांगितले. त्यांनी विचारले, "तू त्याला सॉरी म्हणालास का?" मी म्हणालो नव्हतो. त्याच संध्याकाळी जाऊन म्हणालो.

म्हणून सगळ्या हाऊस कॅप्टनना माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक प्रॅक्टिसमध्ये दहा मिनिटे दहाच जणांनी खेळावे. दर वेळी वेगळा खेळाडू बाहेर बसवावा, म्हणजे कोणाची जागा कोणी घ्यायची हे सर्वांना कळेल. दुसरी, अंपायरशी फक्त कॅप्टनने बोलावे. बाकीच्यांनी शिट्टी वाजो न वाजो, आपल्या जागेवर परत जावे.

फ्लिक आणि गोलकीपिंग शिकायला वर्षे लागतात. तोंड बंद ठेवून जागेवर परत जाणे मात्र उद्याच्या प्रॅक्टिसपासून जमू शकते. मी सुरुवात केली आहे. त्या नववीच्या कॅडेटला आता पेनल्टी कॉर्नरला धावायला मीच शिकवतो आहे.